टॅली क्लार्क

चाळीस वर्षं बॅलार्ड पिअरवर मी मोजत होतो:
गोण्या, पिंपं, पेट्या, एकदा सात घोडे.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
चढलं तेवढं उतरलं, तरच सही.

याच धक्क्यावरून पणजोबा बसऱ्याला गेले,
भलत्याच दोघांच्या भांडणात.
बसरा कुठे, ते बोटीवर चढल्यावर कळलं.
जाताना उंची, वजन, छाती, सगळं टिपून घेतलं होतं.
परत आला एक पितळी बिल्ला.
पणजीनं तो सुईदोऱ्याच्या डब्यात टाकला.

वरच्या मजल्यावरचा रेनॉल्ड म्हणतो,
आता आपण मोठा देश, अंकल,
आपलंही जहाज तिकडे दिसलं पाहिजे.
शेजारी कुणी किंचाळलं तर दार लावून बसाल?

नाही रे.
दारूवालांकडे आग लागली तेव्हा
पहिली बादली तुझ्या बापाची, दुसरी माझी.
पण त्याच दारूवाला भावांच्या वाटणीत
काठी घेऊन घुसला तो शिर्सेकर.
भाऊ केव्हाच एका ताटात जेवू लागले,
शिर्सेकर अजून माझगाव कोर्टाच्या तारखा करतो.

औषधं पाठवा, तांदूळ पाठवा,
सुटून येणाऱ्यांसाठी बोट पाठवा.
मी येतो मोजायला, फुकट.
माणसं चढवायची असतील, खांद्यावर बंदुका देऊन,
तर परतीची यादी आधी दाखवा.

रेनॉल्ड हसला. बघू, म्हणाला.

जिन्यात त्याचा मुलगा भेटला,
मिशी फुटलेली, डोकं चौकटीला लागतंय.
त्यानं गुड इव्हनिंग म्हणायच्या आत
मी त्याची उंची मोजून बसलो होतो.