जुळवणीच्या प्रोग्रॅमबद्दल, बडोद्याहून

तुम्हाला मी ओळखत नाही.
तुमचा प्रोग्रॅम मात्र सहा वर्षं उघडतेय
रोज साडेदहाला, प्रतापगंजात, दुसऱ्या मजल्यावर,
खाली सेव-उसळच्या गाडीवर कांदा चिरायला सुरुवात होते
साधारण त्याच वेळी.

काम सांगायला सोपं आहे.
विश्वामित्रीतल्या मगरीच्या शेपटीवरून
नखाएवढा खवला घ्यायचा,
त्यातली अक्षरं वाचून आणायची, ए, सी, जी, टी,
आणि एकीखाली एक ओळ लावायची
सारखं सारख्याखाली येईल अशी.
मग दिसतं कोण कुणाच्या नात्यात.

तर आधी नावांचं.
तुम्ही दहाच अक्षरं ठेवता.
मी लिहिते विश्वामित्री-कालाघोडा-तीन,
विश्वामित्री-वडसर-आठ,
विश्वामित्री-अकोटा-पुलाखालची-जखमी,
आणि पडद्यावर एकतीस ओळी उरतात
विश्वामित्
विश्वामित्
विश्वामित्
ऋषी तापट होते, एवढं सांगून ठेवते.

शिवाय उजवीकडे सरकलं की तेवढंही जातं.
सहाशेव्या अक्षरापाशी मला ठाऊक नसतं
मी कुणाकडे बघतेय.
नावं डावीकडे खिळवून ठेवा.
घर आत कितीही लांब असो,
पाटी दारावरच असते ना.

टी लाल आणि ए हिरवा कुणी ठरवला?
आमच्या उमंगभाईंना दोन्ही चिंचेच्या कोळासारखे दिसतात.
ते ओळी बोटानं मोजतात, काचेवर,
संध्याकाळी मी काच पुसते.

'चूक ४७' म्हणून गप्प बंद होऊ नका.
इथला रिक्षावालाही थांबला तर सांगतो,
पुढे रस्ता खोदलाय.

एक पाऊल मागे घ्यायची सोय हवी.
याबद्दल जास्त लिहीत नाही.
गेल्या वर्षीचा एक शनिवार आठवला की
अजून हात गार पडतात.

आणि ती आडवी रेघ.
जिथे अक्षर नाही तिथे तुम्ही ओढता ती.
इथलं गळलं, की शेजारणीत नवं आलं,
रेघ सांगत नाही. तुम्हालाही कळणार नाही, कबूल.
पण रेघेला एक चिठ्ठी टाचता यावी:
'इथे शंका आहे. मं. फणसे, मंगळवार.'
उद्या माझ्या खुर्चीवर जी मुलगी बसेल
तिला ती रेघ खात्रीची वाटू नये.

आता सतरा नंबर.
पुराच्या आठवड्यात ती समा भागात सापडली,
एका सोसायटीत, स्कूटरींच्या मागे.
मुलांनी डोळ्यांवर ओलं पोतं टाकून धरली,
खवला घेतला, पाणी उतरल्यावर वडसरला सोडली.
तिची ओळ कुणाशीच जुळेना.
तीन दिवस. तुमचा एकच शेरा, जुळत नाही.
सर म्हणाले, बाहेरची असेल, नर्मदेकडून कुणी आणली असेल.
मी रिपोर्टात टाइपही केलं: परकी.

उमंगभाई उसळीचा द्रोण हातात धरून मागे उभे.
म्हणाले, ऊंधुं करीने जोयुं?
उलटं करून पाहिलंस का?

दुसऱ्या टोकाकडून वाचली गेली होती ती.
उलटवली, अक्षरांच्या जोड्या बदलल्या,
आणि नऊशे बारांपैकी नऊशे बारा
जागच्या जागी येऊन बसली.
कालाघोड्याच्या तीन नंबरची आणि हिची
आईकडची ओळ एकच.
पुलापासून पुलापर्यंत, सगळी हयात इथलीच.

'परकी' शब्द मी मागे मागे जात खोडला,
त्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये मागे जाता येतं.

तर माझी मागणी एवढीच धरा,
बाकीचं पुढच्या खेपेला:
जुळत नाही, असं म्हणण्याआधी
एकदा विचारा, उलटून पाहू का?
छोटं बटण चालेल. कोपऱ्यात.
रंग मात्र उमंगभाईंना दिसेल असा.