वजा एक

पोर्टलंडच्या आठव्या मजल्यावर, सत्त्याऐंशी साली,
आम्ही फळ्यावर एक धबधबा काढला होता:
पाच चौकोन, एकाखाली एक, तिरके,
गरजा, आराखडा, कोड, चाचणी, हवाली.
बाण सगळे खाली.
पाणी कधी वर जातं का, ऑकरलंड म्हणाला,
आणि सगळे हसले. मीही हसलो,
डोनट त्याने आणले होते.

पहिल्याच चौकोनात अकरा महिने गेले.
चारशे बारा पानं, निळ्या फितीची फाईल:
धरणाच्या मत्स्यजिन्यावर मासे मोजणाऱ्या बायका
यापुढे हातातला टिकटिक्या सोडून कळ दाबतील.
चिनूक, कोहो, सॉकाय, स्टीलहेड.
चार कळा. दर दाबाला अधिक एक.
शेवटच्या पानावर सात सह्या.
एकीची शाई ओली राहिली,
मलपृष्ठावर उलटी उमटली,
तेही आम्ही मंजूर धरलं.

मग आराखडा. मग मी आणि माझा कोड.
मधे माझ्या मुलीचे पुढचे दात पडले, नवे आले.
ज्याने गरजा लिहिल्या तो सिअ‍ॅटलला गेला
विमानातल्या खुर्च्यांच्या गरजा लिहायला.
आराखडेवाली बाई कुठे गेली, ठाऊक नाही.
तिच्या टेबलावरचं निवडुंग मी घरी नेलं.

नव्वदच्या सप्टेंबरात मी पहिल्यांदा धरण पाहिलं.
एकसष्ट पायऱ्या उतरून, पाण्याच्या पातळीखाली,
एक खोली, एक काच,
काचेपलीकडे हिरवट उजेडात नदी उभी.
आर्लीन वुकोविच. एकोणीस वर्षं तीच खुर्ची.
तिने थर्मास बाजूला सरकवला, यंत्राला जागा दिली,
पाहुण्याला देतात तशी.

चिनूक. टक.
चिनूक. टक.
स्टीलहेड. टक.
मग एक थोराड मासा काचेपाशी आला,
पाठीवर पांढरी खरचट, समुद्रात कुणीतरी चावलेली.
थांबला. डुलला. दमला असावा.
आणि वळून
प्रवाहाबरोबर खाली गेला.

आर्लीनचं बोट कळांवर तरंगत राहिलं.
याला कुठे घालू?
कुणाला?
परत गेला ना. वजा करायचा असतो.
असं होतं का?
रोज.

टिकटिक्याचं चाक ती अंगठ्याने मागे फिरवायची.
चारशे बारा पानांत तो अंगठा नव्हता.
मुलाखत तिच्या साहेबाची झाली होती,
आणि साहेबाने मासा शेवटचा पाहिला तो ताटात, लिंबासकट.

दुपारपर्यंत तोच खरचटलेला पुन्हा आला, गेला, आला.
आमच्या हिशोबात तो एकटाच तीन झाला.

मी वरून फोन लावला.
ऑकरलंडने शांतपणे ऐकलं. वाईट माणूस नव्हता तो.
बदलाचा अर्ज आहे, म्हणाला, नऊ आठवडे लागतात,
सातही सह्या पुन्हा लागतात,
त्यातले दोघे नोकरी सोडून गेलेत, एक वारला.
ते पान बंद झालंय रे.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात.
आम्ही ते आठव्या मजल्यावर, कोरड्या मोज्यांत बसून केलं.

प्रणाली वेळेत पोचली.
त्या साली नदीला विक्रमी मासे चढले,
निदान छापील अहवालात. मुखपृष्ठावर उडी मारणारा सॉकाय.
एक प्रत अजून माझ्याकडे आहे,
निवडुंगाच्या कुंडीखाली.

पण मला आठवते ती त्या संध्याकाळची गोष्ट.
आर्लीनला निरोप देऊन मी जिना चढू लागलो,
चाळिसाव्या पायरीवर ध्यानात आलं,
निळी फाईल खालीच राहिली.
तसाच उलटा उतरलो.
ती काचेकडेच पाहत होती. मान वळवली नाही.
मांडीवर जुना टिकटिक्या होता.
माझी पावलं ऐकून
तिने अंगठ्याने चाक
एक घर मागे घेतलं.