वाकवू नये

एनिडबाई, या खेपेस डबा लाकडाचा आहे.
गेल्या वेळच्या पुठ्ठ्यावर कुणीतरी बसलं असावं,
लीड्सच्या टपालकेंद्रात, नाहीतर तुमच्या पेन्झान्सच्या गाडीत;
सातपैकी तिघींच्या काचा तडकल्या
आणि एकीची उजवी फिल्म
पाव मिलिमीटर खाली घसरली.

पाव मिलिमीटर म्हणजे काय, हे मी टॉडमॉर्डनात
एकतीस वर्षं लोकांच्या नाकांवर चष्मे बसवून शिकलो.
आडवं थोडं इकडेतिकडे झालं तर डोळे सांभाळून घेतात.
एक वर, एक खाली म्हटलं
की कपाळ धरून बसतात.

रुपेरी पट्टी एकाच कडेला लावली आहे.
दुसरी कड मोकळी. उष्णतेने फिल्म फुगते,
हे तुम्हीच मला शिकवलंत.
स्लाइड्स उभ्या, फडताळातल्या ताटल्यांसारख्या,
मधे शरयूच्या जुन्या गाउनचं फ्लॅनेल.
रबरबँड नाही. त्याने माउंट वाकतो.
नारळ पारखतात तसा डबा कानाशी हलवून पाहिला:
काही वाजलं नाही, म्हणजे बरं.

चौथीपाशी घाई करू नका.
तो रोल अकरा वर्षं बिस्किटांच्या डब्यात पडून होता.
या मार्चात कापून बसवला,
भिंगाखाली, जाळीच्या रेघा मोजून, निव्वळ आकड्यांनी.
मधल्या काळात माझ्या डाव्या डोळ्याने राजीनामा दिला.
एकट्या उजव्याला दोन्ही चित्रं सारखीच:
कालवा, लॉकचा काळा दांडा, हिरवा कोट,
सगळं एकाच कागदावर, वाण्याच्या कॅलेंडरासारखं.

तेव्हा एवढंच कळवा:
ती दांड्याला टेकली आहे का?

डबा नवव्या दिवशी परत आला.
वाजत नव्हता.
आत पेन्सिलीने लिहिलेलं कार्ड:

उभं जुळलंय. डोकं दुखलं नाही.
सहावीची चौकट जरा पुढे घ्या, मेंढी बाहेर पडतेय.
चौथी तीनदा पाहिली.
नाही, टेकलेली नाही.
तिच्या पाठीत आणि दांड्यात
एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी जागा आहे.
हात मात्र पुढे आलाय, पार माझ्या नाकापर्यंत,
आणि हातात सोललेलं संत्रं.
तुम्ही घेतलंत की नाही?

ते संत्रं
मी इतके महिने
भिंगात शिरलेलं ऊन समजत होतो.