छुपा

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
एकशे बारा नंबरच्या गाळ्यासमोर कॅरमची फायनल.
एका बाजूला दगडूशेठचा भाचा,
दुसऱ्या बाजूला भिकोबा शेडगे, तोलाईवाला.
सहा वर्षं बोर्डावर पावडर भुरभुरवणारा,
दुसऱ्यांच्या सोंगट्या मोजून पिशवीत भरणारा.

राणी घेतली. कव्हरही.
शेवटची काळी, कडेला चिकटलेली,
अंगठ्यानं, उलटी.

"छुपा रुस्तम निघाला लेका!"
रुस्तम कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नाही,
शब्द मात्र सगळ्यांच्या तोंडी तयार.
पाठीवर थापा. सदऱ्यावरची कांद्याची सालं उडाली.

भिकोबा बोटावर फुंकर मारत म्हणाला,
"रुस्तम म्हना, न्हाईतर काय बी म्हना.
पन छुपा कशापायी?
बोर्डावरचा दिवा तर रोज म्याच लावत व्हतो."

मग सवयीनं सोंगट्या मोजल्या.
अठरा.
"राणी कुनी घेतली रं?"