पाच मिनिटांचा अहवाल

बाकावरून बाकावर सरकत पाळकसाहेबांची चिठ्ठी आली :
अहवाल पाच मिनिटांत आटपा, पुढे प्रभुभोजन आहे.

पाच मिनिटांत काय सांगू?
की तरुण संघाची अकरा पोरं कोल्हापुरातून नेली
आणि अकराच्या अकरा परत आणली,
हा माझ्या हिशेबी पहिला चमत्कार?
की बर्नबा लोंढेचा पासपोर्ट
स्टँडवरच हरवला आणि सापडला
आईने बांधून दिलेल्या चटणीच्या डब्याखाली,
फोटोतल्या कपाळावर तेलाचा लाल डाग घेऊन?
कोलंबोच्या साहेबाने तो हुंगला,
शिंकला,
मग शिक्का मारला.

चहाच्या डोंगरावरच्या त्या वस्तीत
आमची भाषा त्यांना येईना, त्यांची आम्हाला.
इंग्रजी दोन्हीकडून लंगडत निघाली
आणि अर्ध्या वाटेत बसली.
शलोमीने हरवलेल्या मेंढराची गोष्ट केली बाहुल्या नाचवून,
रंगत यावी म्हणून पदरचा एक लांडगा घातला.
मुलं शेवटपर्यंत लांडग्याच्या बाजूने ओरडत राहिली.

आम्ही गेलो होतो शाळेची भिंत रंगवायला.
त्यासाठी वर्षभर शाहूपुरीतून रद्दी गोळा केली,
केक विकले, नाताळात दारोदार गायलो,
सुगंधाबाई आवळ्यांनी पेन्शनीतले दोनशे दिले
मोजून, वीस-वीसच्या नोटांत.

भिंत खरवडायला घेतली,
तर निळ्याखाली पिवळा निघाला,
पिवळ्याखाली हिरवा,
हिरव्याखाली कुणाच्या तरी हातांचे लाल पंजे
आणि कुठल्याशा लिपीत एक शब्द. बहुधा प्रेम.
दर वर्षी कुणी ना कुणी येतं, मास्तर म्हणाले, रंग देतं.
तक्रार नव्हती आवाजात.
पाण्याची टाकी तेवढी गळते, म्हणाले,
आणि आमच्यासाठी चहा टाकायला गेले.

मी खरवडणी हातात धरून तशीच उभी.
नऊ वर्षांची होते तेव्हा आमच्या कंपाउंडात
असेच आले होते सातासमुद्रापलीकडून,
उन्हाने गुडघे भाजलेले, हसरे, चांगले लोक.
बोर्डिंगच्या भिंतीला त्यांनी आकाशी रंग दिला.
त्याच भिंतीला पंधरा दिवसांपूर्वी
बापूंनी चुना दिला होता, दोन हात, निळीचा थेंब टाकून.
बापूंनी काही सांगितलं नाही.
शिडी धरली त्यांची.
मला पुढे उभं केलं, हास म्हणाले, मी हसले.
तो फोटो कुठल्या गावच्या चर्चमध्ये,
किती मिनिटांच्या अहवालात दाखवला असेल?

अनुग्रह घाटगे, बारावी नापास,
उद्यमनगरात मामाच्या लेथवर असतो,
त्याने टाकीखाली मान घातली :
‘अक्का, वायसर गेलाय ओ ह्याचा.’
वायसर मिळायचा तो डोंगर उतरून, तीन तासांवर.
त्याने डाव्या पायातलं पायताण काढलं,
तळाच्या कातड्यातून रुपयाएवढी चकती कापली,
भिजवली, ठोकली, बसवली.
गळती थांबली नाही.
कमी झाली. आधी धार होती, मग थेंब.
मास्तर बराच वेळ ते थेंब मोजत बसले,
आणि परतीच्या विमानात अनुग्रहच्या एका पायात पायताण,
दुसऱ्यात मास्तरांची रबरी सपात.

भिंत अर्धीच राहिली. सगळे रंग उघडे.
खजिनदार विचारतील, ‘नंतर’चा फोटो कुठाय?
सुगंधाबाई विचारणार नाहीत,
म्हणून त्यांच्याकडे बघवत नाही.

नाव पुकारतात. मी उठते.
तिसऱ्या बाकावर बापू,
कानातलं यंत्र बॅटरी वाचवायला बंद ठेवलेलं,
प्रवचन सुरू झालं की लावतात.
मी खूण करते, लावा.
ते खिसा चाचपतात.
माईक खरखरतो.
मागे दार वाजतं, आणि मधल्या वाटेने
नव्या पायताणाची कर्र, कर्र, कर्र,
अनुग्रह उशिरा आलाय, नेहमीसारखा.