इथे ब्रेक लावू नये

मेंढेसरांच्या वहीत पहिलीच ओळ:
मानकापूर, पहाटे पावणेपाच. कुत्री चार. चौथ्याकडे बघू नये.
मी निघालो तेव्हा कुत्री सहा होती
आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

कोराडीनंतर राखेचे टँकर.
खापरखेड्याच्या चिमण्या अंधारात लाल डोळे मिचकावतात,
दातांखाली कचकच.
सर लिहितात: तोंड बंद, मन उघडं.
बारावीला फिजिक्स शिकवताना
असलं काही बोलल्याचं मला तरी आठवत नाही.

कन्हानच्या पुलावर उजाडलं.
नदी म्हणजे सगळी वाळूच,
वाळूत पाण्याची एक रेघ
आणि रेघेला धरून डांगरवाड्या.
कुणीतरी कळशीने वेलांना पाणी घालत होतं,
एकेका वेलाला, वाकून.

पारशिवनीला पोहे. तर्री मागून घ्यावी लागते.

पुढे साग.
मार्चातला साग सगळा खाली उतरलेला असतो,
टायरखाली पापड मोडावेत तशी पानं,
आवाज इतका की मी चारदा मागे वळून बघितलं.
नाक्यावर कुमरे नावाच्या वनरक्षकाने रजिस्टर उघडलं.
वाहन क्रमांक?
सायकलला नंबर नसतो म्हटलं.
त्याने रकान्यात माझं वय लिहिलं.

मोठ्या बेहड्यापाशी डावीकडे, असं वहीत.
बेहडा काही दिसेना.
मी दोनदा पुढे जाऊन परत आलो,
आणि तिसऱ्यांदा मागचं चाक बसलं.
तिथे एक रुंद बुंधा होता, बुंध्यावर टोपलं,
टोपल्यात मोह,
मोहाच्या वासात उभी पंचफुला सरयाम.
हवा गेली का जी?
गेली. इथं एक झाड होतं ना?
होतं. वादळात पडलं. मांग त्याच्या पाट्या झाल्या.
तिने टोपलं थोडं सरकवलं, मला बसायला.

पंक्चर तिच्या पोराने काढलं,
मोहाच्या पाण्यात ट्यूब बुडवून, बुडबुड्यावर बोट ठेवून.
तोवर ती सांगत होती,
घर धुपेटोल्यात, वावर नदीपलीकडं.
रेशन इकडं भेटते जी, बाजार तिकडचा करतो,
मोहाले भाव तिकडं बरा.
सीमेचा दगड कुठाय विचारलं
तर म्हणाली, बकरी बांधली आहे त्याले.

मग वहीतलं शेवटचं पान.
पेनाने नाही, लाल पेन्सिलीने, अधोरेखित:
पेंचपर्यंत उतार, साडेतीनशे मीटर. इथे ब्रेक लावू नये.

मी लावला.
दोनदा. दुसऱ्यांदा तर जवळजवळ उतरलोच.

नदीत घोट्याएवढं पाणी. सायकल खांद्यावर.
पलीकडच्या काठावर फोन जागा झाला,
मध्य प्रदेशात स्वागत केलं त्याने माझं,
आणि लगेच सर.
नवा गुडघा घेऊन ते सकाळपासून खिडकीत बसलेले असणार.
कसे आहात वगैरे नाही. थेट:
लावला?
नाही सर.
बेहड्यापाशी थांबला होतास?
थांबलो होतो.
केवढा झालाय आता?
मी नदीकडे बघत म्हटलं, दोघांच्या कवेत मावत नाही.
पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज.
बराच वेळ कुणी फोन ठेवला नाही.

दोन खोटं बोललो.
झाडाचं तर काही करता येण्यासारखं नव्हतं.

मी पुन्हा नदी ओलांडली.
सायकल ढकलत ढकलत उतार चढलो, भर अकराच्या उन्हात,
परतीचे सत्तर किलोमीटर शिल्लक असताना.
बुंध्याजवळ पोरगं अजून पंप हातात धरून उभं.
काही विसरलं का जी?
मी सायकल वळवली.
बोटं ब्रेकवरून काढली, हँडलभोवती गच्च आवळली,
आणि वर धरायला काही नाही म्हणून पुढे बघितलं.

पहिल्या वळणावर साग दोन्हीकडून पुसला गेला.
अर्ध्यावर मी ओरडलो,
काय ते कळलं नाही,
तोंड पाचोळ्याने भरलं.