द्वारा

घणसोली गावठाणात आमच्या घराला नंबर नव्हता.
सिडकोचे सेक्टर तळ्यापर्यंत येऊन थांबले,
नकाशात गाव राहिलं एक पांढरा ठिपका,
आणि त्या ठिपक्यात बाबांनी चार मजले चढवले
परवानगीबिरवानगी न काढता, सगळ्यांसारखे.
बावीस खोल्या. एक मीटर. एक पत्ता:
द्वारा गोमा पाटील.

बाबांकडे शंभरपानी वही होती.
कोणी पत्र टाकायला दिलं की ते लिहायचे
खोली, नाव, कुठे धाडलं.
उत्तर आलं की वहीवरून बोट फिरायचं
आणि मला जिन्यावर पिटाळलं जायचं.
बाहेरच्या जगाला बावीस बिऱ्हाडं दिसतच नव्हती.
दिसायचा एकटा गोमा पाटील,
भलताच पत्रव्यवहार असलेला माणूस.

आता मी महापेला रात्रपाळी करते,
मे महिन्यात स्वेटर घालून, यंत्रांच्या थंडीत.
इथेही तीच वही आहे, राऊटरच्या पोटात:
आतून कोण बाहेर गेलं, कुठे गेलं,
उत्तर कोणाच्या दारात टाकायचं.
अख्खी सोसायटी एका पत्त्यामागे. कधी अख्खं उपनगर.

ज्यांनी पहिले पत्ते आखले
त्यांनी चार आकडे धरले, शून्य ते दोनशे पंचावन्न,
म्हणजे चारशे एकोणतीस कोटी आणि वर थोडे.
मी त्यांना नावं ठेवत नाही.
प्रयोग होता तो, चार शहाण्यांचा;
कोणाला ठाऊक होतं, रांगेत उद्या
पाण्याचा मीटर उभा राहील, पामबीचचा दिवा उभा राहील,
माझ्या भाच्याचं मनगटी घड्याळसुद्धा?
शिवाय सुरुवातीला वाटले ते एकरांनी.
आम्ही मागून आलो, तेव्हा गुंठे उरले होते.
दोन हजार अकराच्या फेब्रुवारीत
शेवटचे पाच गठ्ठे पाच खंडकऱ्यांना दिले,
कोठार झाडून घेतलं.

साहेब म्हणतात, वही चालतेय ना? मग नवं कशाला?

साहेब, तिसऱ्या मजल्यावर टेकाळे राहायचा.
रबाळ्याच्या कारखान्यात रात्री, दिवसा झोप.
त्याने कधी पत्र धाडलं नाही,
म्हणून वहीत त्याचं नाव नव्हतं.
एक दिवस त्याच्या नावाचं लांब पाकीट आलं, सरकारी शिक्क्याचं.
बाबांनी वही पाहिली, दोनदा पाहिली,
पोस्टमनला म्हणाले, "या नावाचा आपल्याकर कोनी नाय."
तो वर झोपला होता. बरोबर डोक्यावर.

आठ दिवसांनी नळावर कळलं.
बाबांनी त्याच रात्री त्याचं नाव लिहिलं.
पुढचे रकाने कोरे.

नवा पत्ता लांब आहे, तोंडपाठ होत नाही.
आठ गट, आकड्यांत ए ते एफ अक्षरं मिसळलेली.
किती पत्ते, तर शाळेतलं आठवा:
एकं दहं शतं पासून परार्धापर्यंत जा,
त्याला परार्धानेच गुणा,
आणि ते चौतीस हजार वेळा घ्या.
शून्यांची रांग आली की
दोन टिंबांवर दोन टिंबं देऊन ती गाळता येते,
पण एका पत्त्यात एकदाच.
दोनदा गप्प बसलात, तर कोण कुठे ते कळत नाही.

जुनं अजून बंद नाही. एकाच तारेवर दोन्ही धावतात
आणि एकमेकांची भाषा त्यांना येत नाही.
दुभाष्ये आम्ही बसवतो, रात्री दोन ते चार,
जेव्हा ऐरोलीसुद्धा जांभई देते.

बाबांना सांगितलं, आता प्रत्येक खोलीला स्वतःचा पत्ता मिळेल,
खोलीतल्या पंख्यालासुद्धा.
दाराला कडी लागतेच, ती वेगळी लावायची.
ते बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "मंग द्वारा कोनाचा लिव्हायचा?"
कोणाचाच नाही, बाबा.

त्यांनी मान हलवली. बरं झालं, म्हणाले.
आणि फळीवरची वही काढून
तिच्यावरची धूळ पुसत बसले.